व्हायोला फुलत नाहीये? आधी कुंडीला हात लावून बघा

दर डिसेंबरला मला कोणी ना कोणी फोटो पाठवतंच. हिरवंगार व्हायोला (थंडीत लावतात ते छोट्या फुलांचं झाड), पानं इतकी टवटवीत की पालक लावलाय असं वाटावं, आणि फूल एकही नाही. खाली प्रश्न ठरलेला, "कुठलं खत टाकू गं?" माझं उत्तरही ठरलेलं, खत राहू दे, दुपारी दोन वाजता कुंडीला बाहेरून हात लाव आणि कशी लागतेय ते सांग. गरम लागली तर खताच्या दुकानात जायचं कारणच नाही.

मी पुण्यात राहते, तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आणि वर सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा भांडून मिळवलाय. सहा हिवाळे व्हायोला लावतेय, त्यातले पहिले दोन जवळजवळ वाया गेले. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत फुललेली २० रोपं उचलून आणली, होळीपर्यंत सगळी झोपली. दुसऱ्या वर्षी वेळेवर लावली पण खाऊ घालघालून माजवली. त्यानंतर कुठे डोकं ताळ्यावर आलं, म्हणून जे जमलंय ते क्रमाने लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, व्हायोलाला ऊन हवं पण ऊब नको. आपण दोन्ही एकच समजतो आणि तिथेच गाडी घसरते. कोणी म्हणतं थंडीचं झाड आहे, सावलीत ठेवा, की ते काडीसारखं लांबतं आणि कळी धरत नाही. कोणी म्हणतं फुलझाड आहे, गच्चीवर कडक उन्हात ठेवा, की त्याची मुळं भाजतात.

मुळात हे डोंगरातलं झाड. आज आपण ज्याला व्हायोला म्हणतो त्याची एक आजी म्हणजे व्हायोला कॉर्न्यूटा, फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरात उगवणारी. १८६० च्या दशकात एडिंबरामध्ये जेम्स ग्रीव्ह नावाच्या माणसाने तिचा पॅन्सीशी, म्हणजे तिच्याच मोठ्या फुलांच्या बहिणीशी, संकर केला आणि त्यातून ही झुपकेदार, पुष्कळ फुलं देणारी जात पुढे आली (त्याच्याच नावाचं एक सफरचंदही आहे, माणूस उद्योगी असणार). तर अशा घराण्यातलं झाड आपण सिमेंटच्या स्लॅबवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवतो आणि वर विचारतो की रुसलंय का.

आकडे बघा. व्हायोलाला दिवसा १५ ते २० अंश आणि रात्री ५ ते १० अंश मिळाले की ते खूश. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर येतो, एखाद्या आठवड्यात ८ पर्यंतही जातो, म्हणजे रात्रीचं काम आपोआप होतं. दिवसा मात्र २८-३० असतात. म्हणजे वरचे ८-१० अंश जास्तीचे, आणि ते मुळांपर्यंत पोचू न देणं एवढंच आपलं काम. उजेडाची तर चिंताच नको, लंडनमध्ये डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवस ८ तासही भरत नाही, आपल्याकडे तो ११ तासांचा असतो. तरी तिकडे ते फुलतं. आपल्याला उजेड भरपूर आहे, फक्त त्याच्याबरोबर जी उष्णता फुकट येते ती नकोय.

कुठे जमेल, कुठे नाही

हे आधीच स्पष्ट सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. महाबळेश्वर-पाचगणीला व्हायोला जवळजवळ स्वतःच्या बळावर येतं. नाशिक आणि पुणे चांगलंच. नागपूरकडे थंडी कडक असते त्यामुळे फुलं छान येतात, पण फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं की संपलं. मुंबईत बियांपासून करायच्या फंदात पडू नका, डिसेंबरच्या शेवटी तयार रोपं आणा आणि पाच-सहा आठवड्यांचा पाहुणा समजा. कोकणपट्टी आणि गोवा म्हणाल तर माझं मत, नादी लागू नका, तिथे टोरेनिया लावा, चेहरा बराचसा तसाच असतो आणि दमट उकाडा त्याला चालतो. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, ती ऑक्टोबरात लावते आणि बर्फ पडून गेल्यावर त्याच रोपांना मार्चमध्ये परत फुलं येतात, फोटो पाठवून मला जळवते. थंड देशात असाल तर या लेखातलं कुंडी गार ठेवायचं पुराण सोडून द्या, बाकीचं उपयोगी पडेल.

पॅन्सी की व्हायोला

पॅन्सीचं फूल मोठं, अडीच-तीन इंची, आणि बऱ्याचदा मधे काळा डाग असतो, मिशाळ चेहऱ्यासारखा. व्हायोलाचं फूल इंच-दीड इंचाचं. ओळखायची साधी खूण म्हणजे पॅन्सीच्या चार पाकळ्या वर आणि एक खाली, व्हायोलाच्या दोन वर आणि तीन खाली. दुकानात पॅन्सी जास्त भाव खाते, पण पहिल्यांदाच लावणार असाल तर व्हायोलाच घ्या. फुलं संख्येने कितीतरी जास्त येतात, उन्हाला जरा जास्त दम धरतं, आणि जानेवारीत मधेच अवकाळी पाऊस झाला तर पॅन्सीची मोठी फुलं ओल्या टिश्यू पेपरसारखी लोंबतात तेव्हा व्हायोला दोन दिवसांत परत उभं राहतं. लागवडीच्या बाबतीत दोघांचं सगळं सारखंच, त्यामुळे पॅन्सीवाल्यांनीही वाचायला हरकत नाही.

बी कधी आणि कसं पेरायचं

बी टाकल्यापासून पहिलं फूल यायला साधारण १० ते १२ आठवडे लागतात, पॅन्सीला आणखी थोडे. पुण्यात आपल्याला फुलं डिसेंबरच्या शेवटी हवीत, कारण खरी थंडी तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंतच. उलटं मोजलं की बी टाकायचं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मी गणपती उठले की पाकिटं काढते, गणपती लवकर आले तर जरा थांबते.

आता यात गोची अशी की नेमकी तेव्हाच ऑक्टोबर हीट असते आणि व्हायोलाच्या बीला उगवायला १५ ते २० अंश लागतात. २५ च्या वर गेलं की बी चक्क झोपून राहतं. पहिल्यांदा पेरलं तेव्हा ५० पैकी ४ उगवली आणि मी बियाणं बोगस म्हणून मोकळी झाले. बोगस काही नव्हतं, ट्रे मी गॅलरीत उन्हात ठेवला होता.

आता मी असं करते. ओल्या टिश्यू पेपरवर बी पसरायचं, बी खसखशीहून थोडंसंच मोठं असतं त्यामुळे पंखा बंद करून बसा, ती घडी डबीत घालून चार-पाच दिवस फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. मग ट्रेमध्ये भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून त्यावर बी टाकायचं आणि अर्धा सेंटीमीटर कोकोपीटने झाकायचं, कारण या बीला उगवताना अंधार आवडतो. वरून वर्तमानपत्राचा कागद. ट्रे घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवायचा, आमच्याकडे ती जागा म्हणजे स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली, तिथे फरशी कायम ओलसर असते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी "माठाखाली आता शेती का?" म्हणून विचारलं होतं, आता त्याच रोज कागद उचलून बघतात.

१० ते १४ दिवसांत हिरवे टिपके दिसायला लागतात. दिसले रे दिसले की त्याच दिवशी कागद काढा आणि ट्रे उजेडात न्या, सकाळचं कोवळं ऊन मिळेल असा. एक दिवस जरी आळस केला तरी रोपं लांबुडकी होतात आणि ती नंतर कधीच धड सावरत नाहीत. पाणी वरून झारीने नको, ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं टेकवायचा आणि काढायचा. या वयात सगळ्यात मोठा धोका म्हणजे मर, रोप मातीला टेकतं तिथे बारीक होऊन आडवं पडतं, एक पडलं की दुसऱ्या दिवशी शेजारची पाच. जास्त ओल आणि कोंदट हवा हेच कारण, म्हणून वरचा थर जरासा सुकला की मगच परत पाणी.

बियांचं पाकीट जुनं घेऊ नका. या बीची ताकद लवकर जाते, दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि पाकिटावर एफ-वन (म्हणजे पहिल्या पिढीचा संकर) लिहिलेलं असेल, सॉर्बेट किंवा पेनी अशा मालिकांमधलं असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या, ती रोपं बुटकी, बुडापासून फुटणारी असतात, शेंडा खुडायची गरज पडत नाही.

चार-पाच खरी पानं आली, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, की मोठ्या कुंडीत हलवायची.

तयार रोपं आणायची असतील तर

यात कमीपणा काही नाही, मी पण निम्मी विकतच आणते. पुण्यातून सोलापूर रोडला उरुळी कांचन-सोरतापवाडीकडे गेलात तर नर्सऱ्यांची रांगच आहे, हवी तेवढी मिळतात. नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य ही वेळ. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून लोकांना उत्साह येतो आणि मग खरेदी होते, तोपर्यंत खरं तर अर्धा मोसम गेलेला असतो. प्रदर्शन बघा, रंग निवडा, नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी लावा.

निवडताना फुलांनी लगडलेलं रोप उचलायचा मोह आवरा. बुटकं, गच्च, दोन-चार कळ्या आणि एखादंच फूल असलेलं घ्या. पान उलटं करून मावा (रस शोषणारे बारीक किडे) बघा. पिशवी हलकी दाबून बघा, दगडासारखी घट्ट लागली तर आत चिकणमातीचा गोळा आहे.

हा गोळा म्हणजे निम्म्या लोकांची व्हायोला मरायचं खरं कारण आहे. नर्सरीवाले लाल चिकणमातीत लावतात, रोप ने-आण करताना सुटू नये म्हणून. आपण तो गोळा तसाच्या तसा आपल्या भुसभुशीत मिश्रणात पुरतो. मग वरून घातलेलं पाणी सगळं आजूबाजूने निथळून जातं आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत राहतो, किंवा एकदा का पूर्ण भिजला की आठवडाभर चिखल. मागच्या वर्षी एक मेलेलं रोप उपटून बघितलं, बाहेरचं कोकोपीट ओलं गार आणि आतला गोळा सुरीने कापावा लागला, कापल्यावर आत धूळ. म्हणून आणल्यावर पिशवी काढून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचा, मऊ झाला की बोटांनी हलक्या हाताने बाहेरची निम्मी माती पाण्यातच सोडवायची. मुळं थोडी तुटतील, तुटू देत. रोप दोन दिवस मान टाकेल, सावलीत ठेवा, तिसऱ्या दिवशी उठतं. दुपारी लावू नका, संध्याकाळीच लावा.

माती

मी दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड घेते. शेताची काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी फेकून द्यायचं आणि अजून दोनदा धुवायचं, त्यात मीठ असतं. शेणखत घालणार असाल तर पूर्ण कुजलेलं, वास न येणारं. ताजं शेणखत कुंडीत गरम होतं आणि आपण मघापासून काय बोलतोय, तर उष्णता नको.

व्हायोलाला माती किंचित आंबट लागते, सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या आसपास. आपल्याकडे गोची पाण्याची होते. महापालिकेचं पाणी असेल तर बहुतेक काही त्रास नाही, पण बोअर किंवा टँकरचं जड पाणी महिनाभर घातलं की सामू वर चढत जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं तर चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा घाला आणि पाणी बदला. आणि आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कृपा करून घालू नका, लोक बचत म्हणून घालतात, पण त्यात क्षार साध्या पाण्यापेक्षाही जास्त असतात, त्याने फरशी पुसा.

कुंडी गार ठेवायची, हाच खरा लेख

कुंडी सहा ते आठ इंच खोल पुरते. आठ इंची कुंडीत दोन-तीन रोपं, बारा इंचीत चार-पाच, साधारण चार-पाच इंच अंतर राहिलं पाहिजे. मातीची कुंडी असेल तर सर्वात उत्तम, माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तिच्यातली मुळंही गार राहतात, अंगातून पाणी झिरपतं आणि सुकताना उष्णता घेऊन जातं. फक्त बाहेरून ऑइलपेंट मारलेली नको, रंगाने छिद्रं बुजतात मग ती नुसती जड कुंडी.

प्लास्टिकचीच असेल तर काळी टाळा. असलीच तर बाहेरून चुना मारा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याहून भारी उपाय म्हणजे कुंडीत कुंडी, छोटी प्लास्टिकची मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत वाळू भरून ती रोज ओली करायची. एकदा मी दोन्हीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसून बघितला, जानेवारीत दुपारी अडीचला, गच्चीवर. काळ्या कुंडीत ३४, कुंडीत-कुंडीवाल्यात २३. रोपं एकाच पाकिटातली, एकाच दिवशी लावलेली. काळ्या कुंडीतल्या रोपावर तीन किरटी फुलं होती आणि दुसऱ्यावर मी मोजायचंच सोडलं.

गच्चीची फरशी दुपारभर तापते आणि रात्री आठपर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे कुंडी थेट फरशीवर नको. खाली दोन विटा द्या, खालून हवा खेळू दे. वर मातीवर सुकलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा इंचभर थर, फक्त रोपाच्या बुंध्यापासून दोन बोटं दूर.

जागा अशी निवडा की सकाळी चार-पाच तास ऊन मिळेल आणि साडेअकरा-बारानंतर नुसता उजेड. पूर्वेची गॅलरी सोन्यासारखी. इथे एक गफलत होते, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे ऑक्टोबरात ज्या दक्षिणेच्या गॅलरीत जेमतेम ऊन येत होतं तिथे डिसेंबरात दिवसभर आत येतं, आणि उत्तरेला तर काहीच नाही. म्हणून जागा ठरवताना ऑक्टोबरची सावली बघू नका, डिसेंबरात एकदा परत बघा आणि कुंड्या हलवा. पश्चिमेची गॅलरीच असेल तर दुपारी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. फुलं थोडी कमी येतील पण येतील.

पाणी

सकाळी, बुंध्याशी, आणि वाफसा बघून. बोट दोन पेरं आत घाला, माती गार आणि किंचित ओलसर लागली आणि बोटाला चिकटली नाही तर आज पाणी नको. पुण्याच्या थंडीत मातीच्या कुंडीला बहुतेक एक दिवसाआड पुरतं.

दुपारी झाडाने मान टाकली की आपण धावत जाऊन तांब्याभर पाणी ओततो. थांबा, आधी बोट घाला. माती ओली असूनही मान टाकली असेल तर ती तहान नाही, उन्हाचा शीण आहे, कुंडी सावलीत सरकवा, संध्याकाळी आपोआप सावरतं. ओली माती आणि सकाळीही मान खाली, असं असेल तर मुळं कुजतायत, तिथे अजून पाणी म्हणजे शेवटचा घोट.

खत, म्हणजे माझा दुसरा वाया गेलेला हिवाळा

त्या वर्षी माझ्या नेहमीच्या खतवाल्याने सांगितलं, "ताई, फुलं पाहिजेत ना, मग खायला घाला." मी मोहरीची पेंड भिजवून घातली, वर महिन्यातून दोनदा गांडूळखत, वर चिमूटभर युरिया पण (आता सांगायला लाज वाटते). झाडं इतकी सुंदर झाली की शेजारणी बघायला आल्या. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी. जानेवारी संपला, कळी नाही. नत्र जास्त झालं की झाड फक्त पानांचा संसार करत बसतं, त्याला फुलायची घाईच राहत नाही.

आता माझा हिशोब साधा आहे. कुंडीत लावल्यावर दहा दिवस काहीच नाही. मग तीन आठवडे, आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम. पहिल्या कळ्या दिसल्या की ते बंद आणि १३:०:४५ (यात नत्र कमी, पालाश जास्त), तेही लिटरला एकच ग्रॅम, दर दहा-बारा दिवसांनी, ओल्या मातीवर. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच घालू नका, मुळं करपतात. रासायनिक नको असेल तर गांडूळखताचं पाणी चहाच्या रंगाचं करून पंधरा दिवसांनी घाला, चालतं, फुलं जराशी कमी. केळ्याच्या सालीचं पाणी वगैरे लोक विचारतात, मला तरी त्याने चिलटांशिवाय काही मिळालेलं नाही.

आणि ज्यांचं झाड आत्ता माजलंय त्यांनी सगळं खत बंद करा, दोन-तीन वेळा भरपूर पाणी घालून तळातून वाहू द्या म्हणजे जास्तीचं नत्र धुऊन जाईल, आणि झाड अजून तासभर जास्त सकाळच्या उन्हात सरकवा. तीनेक आठवड्यांत कळ्या धरतात, माझ्या त्या वर्षीच्या दोन कुंड्या अशाच वाचल्या, फेब्रुवारीत का होईना.

वाळलेलं फूल खुडणं

हे काम सगळ्यांना माहीत असतं आणि निम्मे लोक चुकीचं करतात. नुसत्या पाकळ्या ओढून काढतात आणि मागे हिरवं बोंड तसंच राहतं. झाडाच्या लेखी बी धरणं हेच खरं काम, बोंडं वाढायला लागली की नवीन कळ्यांवरचा खर्च ते बंद करतं. म्हणून फूल मलूल झालं की बोट देठावरून खाली नेत जिथे तो मुख्य खोडाला जोडलाय तिथे नखाने तोडायचा, पूर्ण देठासकट.

बोंड ओळखायला शिका, कारण ते पानात लपतं. कोवळं असताना मान खाली घालून असतं, छत्रीच्या दांड्यासारखं वाकलेलं, त्यामुळे न उमललेली कळीच वाटते. कळी लांबट आणि टोकाला रंगाची रेघ दिसते, बोंड गोलसर आणि नुसतंच हिरवं. पिकायला आलं की हळूहळू मान वर करतं, आकाशाकडे बघायला लागतं, आणि मग एके दुपारी तीन फाकांत उघडतं. प्रत्येक फाक म्हणजे छोटी होडी, त्यात बिया ओळीने बसलेल्या. होडी वाळत जाते तशी कडा आवळल्या जातात आणि बी चिमटीतून साबण निसटावा तसं टक्कन उडतं. आमच्या गॅलरीतलं बी मला बूट ठेवायच्या रॅकमध्ये सापडलंय, कुंडीपासून चांगलं सहा-सात फुटांवर.

मोसमात दर दोन दिवसांनी, चहाचा कप हातात घेऊन, दहा मिनिटं हे करा. नियमाने खुडलं तर आठ इंची कुंडीत एका वेळी तीस-चाळीस फुलं सहज असतात. सुट्टीला आठवडाभर गावाला गेलात तर शेजाऱ्यांना पाण्याबरोबर हेही सांगून जा, नाहीतर परत येईपर्यंत झाड म्हातारं झालेलं असतं.

जानेवारीच्या शेवटी झाडं मधून उघडी पडतात, फांद्या लांब होऊन कडेने लोळतात. तेव्हा जीव घट्ट करून कात्रीने निम्मी उंची कापा, एका वेळी निम्म्याच कुंड्या म्हणजे गॅलरी बोडकी दिसणार नाही, वर एक हलकं १९:१९:१९ द्या. फेब्रुवारीच्या मध्यात दुसरा बहर येतो. पुण्यात हा डाव थंडी किती टिकते त्यावर आहे, तीनपैकी दोन वर्षं जमतो.

कीड वगैरे

हिवाळ्यात फार त्रास नसतो. मावा आला तर पाण्याचा जोरात फवारा, दोन दिवसांनी परत, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, सूर्य मावळल्यावर. पानांवर पांढरी भुरी म्हणजे हवा खेळत नाहीये, कुंड्या लांब लांब ठेवा, ती पानं काढा. सकाळी फुलांना अर्धचंद्राकार भोकं आणि पानावर चकाकती रेघ दिसली तर गोगलगाय, रात्री दहाला टॉर्च घेऊन जा आणि हाताने उचला, याहून खात्रीचा उपाय मला सापडला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पानांखाली बारीक लाल कोळी आणि जाळं दिसलं तर लढू नका, उन्हाळा सुरू झालाय.

फुलं खाता येतात हे खरं आहे, सॅलडवर छान दिसतात, चव काकडीच्या सालीसारखी. पण फक्त घरी बियांपासून वाढवलेली आणि फवारा न मारलेली. नर्सरीतून आणलेल्या रोपांवर काय काय मारलेलं असतं देव जाणे.

मार्च उजाडला की

पारा ३४-३५ ला गेला की फुलं नखाएवढी होतात, देठ लांबतात, झाड पिवळं पडतं. इथे तुमचं काही चुकलेलं नसतं. लोक एसीच्या खोलीत ठेवून बघतात, मी पण एकदा ठेवलंय, बिल आलं आणि फुलं नाही आली.

बी धरायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एखाद्या कुंडीतलं खुडणं थांबवा. बोंडाने मान वर केली आणि रंग हिरव्याचा फिकट बदामी झाला की तोंड उघडायच्या आत तोडा आणि कागदी पाकिटात टाकून पाकीट बंद करा, रात्रभर आत टकटक आवाज येत राहतो. दोन आठवड्यांनी सुकलेलं बी छोट्या डबीत भरून फ्रीजच्या दारात ठेवा, वर तारीख आणि रंग लिहून. एफ-वनच्या झाडाचं बी असेल तर पुढच्या वर्षी आईसारखंच फूल येईल असं नाही, माझ्याकडे जांभळ्यातून एक मातकट पिवळं निघालं होतं, मिश्या मात्र हुबेहूब. झाडं उपटून खताच्या डब्यात, कुंड्या घासून पालथ्या, आणि त्या जागेत एप्रिलपासून ऑफिसटाइम (पोर्टुलाका) लावा, त्याला हवी तेवढी ऊब द्या.